लामा फिरवून पोट भरते का?

कोकणातल्या कितीतरी मुस्लिम घरांची एखादी फांदी आता इंग्लंडमध्ये रुजली आहे. कोणाची बहीण लंडनला, कोणाचा भाचा बर्मिंगहॅमला. उन्हाळ्याच्या सुट्टीत ही मंडळी शहराबाहेर फिरायला जातात आणि त्यांचे फोटो इकडे येतात. अशाच एका फोटोवरून एका वाचक भगिनीने आम्हाला पत्र लिहिले आहे. फोटोत त्यांची नात एका उंच मानेच्या, लोकरीने भरलेल्या जनावराची दोरी धरून उभी आहे. त्या विचारतात, "हे जनावर कोणते? त्याच्या पाठीवर बसायचे नाही, नुसते त्याच्यासोबत चालायचे आणि त्याचे पैसे द्यायचे, असे सून सांगते. हे खरे का? आमचा धाकटा आपल्या किनाऱ्यावर घोडा किंवा उंट ठेवायचे म्हणतो आहे. त्याला यातून काही शिकता येईल का?"

प्रश्न तीन आहेत आणि तिन्ही कामाचे आहेत. आपण एकेक घेऊ.

हे जनावर कोणते?

त्याचे नाव लामा. वर्गात हे नाव घेतले की मुले तिबेटच्या धर्मगुरूंची आठवण काढतात, पण त्या शब्दाचा याच्याशी काही संबंध नाही. हा शब्द दक्षिण अमेरिकेतल्या केचुआ लोकांच्या भाषेतला आहे. लामा हा उंटाचा भाऊबंद. दोघांचे पूर्वज लाखो वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेत राहत होते. एक शाखा आशियाकडे आली, तिचे उंट झाले. दुसरी दक्षिणेकडे उतरली, तिच्यातून लामा आणि अल्पाका आले. लामाला कुबड नाही, पण ओठ, चाल, पाय मुडपून बसण्याची तऱ्हा आणि चेहऱ्यावरची ती किंचित तोऱ्याची छटा पाहिली की नाते लगेच ओळखू येते.

अँडीज पर्वतातल्या लोकांनी काही हजार वर्षांपूर्वी लामा माणसाळवला. इंका राज्यात घोडे नव्हते, गाड्यांची चाके नव्हती. डोंगरातली मालवाहतूक लामांच्या तांड्यांवर चालत असे. पुढे स्पॅनिश आले आणि पोतोसीच्या खाणीतली चांदीही याच पाठींवरून उतरली. मोठा लामा साधारण १३० ते २०० किलो वजनाचा असतो. आपल्या वजनाच्या चौथ्या हिश्श्याइतके ओझे तो डोंगरवाटेने वाहतो. त्याहून जास्त लादले तर तो जागच्या जागी बसतो आणि ओझे कमी होईपर्यंत उठत नाही. मारले तर थुंकतो, लाथ झाडतो. मोठ्या माणसाला पाठीवर घेऊन फिरणे त्याच्या कुवतीबाहेरचे आहे. इंग्लंडमधल्या लामावाल्यांचा सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा आहे, म्हणून ती लक्षात ठेवावी.

नुसते चालायचे पैसे कसले?

यॉर्कशायर, लेक डिस्ट्रिक्ट, वेल्स अशा डोंगराळ भागांत शेतकरी कुटुंबे चार-सहा किंवा दहा-बारा लामा पाळतात. पाहुणे आधी नाव नोंदवून शेतावर येतात. मालक त्यांना प्रथम कुंपणाजवळ उभे करून दहा-पंधरा मिनिटे समजावून सांगतो. दोरी सैल धरा, पण हाताला गुंडाळू नका, कारण जनावर बिचकून पळाले तर मनगट ओढले जाईल. डोक्यावरून हात फिरवू नका, लामाला ते आवडत नाही, मानेवर चालेल. मागून अचानक जाऊ नका. खिशातले काही खायला घालू नका. मग म्होरकी घातलेला एकेक लामा एकेका पाहुण्याच्या हाती दिला जातो. लहान मूल असेल तर दोरी धरायला सोबत मोठे माणूस. लामाच्या पाठीवर दोन पिशव्या, त्यांत सगळ्यांचा डबा आणि पाणी. रांग लागते आणि मंडळी चालू लागतात.

रांगेचाही कायदा असतो. कळपातला जो जाणता नर पुढे चालतो, तो पुढेच हवा. ज्या दोघांचे पटत नाही त्यांना लागोपाठ ठेवायचे नाही. लामा थुंकतो ते बहुतेक दुसऱ्या लामावर, चाऱ्यावरून किंवा मानापमानावरून. पाहुणा मध्ये सापडला तर त्याच्या वाट्याला हिरवी, आंबट दुर्गंधीची पिचकारी येते. म्हणून मालकाला कळपातले रुसवे-फुगवे तोंडपाठ असावे लागतात.

वाट स्वतःच्या शेतातून किंवा शेजाऱ्यांच्या परवानगीने त्यांच्या कुरणांतून जाते. फाटक उघडे असेल तर उघडे ठेवायचे, बंद असेल तर बंद करायचे, हा तिकडच्या ग्रामीण भागाचा पक्का शिरस्ता आहे. लामाच्या पायाला घोड्यासारखा टणक खूर नसतो. दोन बोटे आणि खाली मऊ गादी असते, त्यामुळे ओली कुरणे तुडवली जात नाहीत आणि शेजारीही कुरकुरत नाहीत. तास-दोन तास चालणे, मध्ये एखाद्या टेकाडावर डबा, आणि परत.

यात पाहुण्याला काय मिळते? लामा घाई करत नाही. चालता चालता तो थांबून कान टवकारतो, दूरवर कुत्रे दिसले तर सगळे त्याच्यासोबत थांबतात. तोंडातल्या तोंडात गुणगुणल्यासारखा आवाज काढतो. शहरात दिवसभर धावणारे माणूस दोन तास दुसऱ्या एका जिवाच्या चालीने चालते. जे मूल घरी मोबाइल सोडत नाही, ते दोरी सोडायला तयार नसते. इंग्रज कुटुंबे पैसे मोजतात ते या दोन तासांचे. आपल्या भगिनीच्या नातीच्या चेहऱ्यावरचा आनंदही त्याचाच असावा.

हिशेब कसा बसतो?

या धंद्याकडे शेतकरी वळण्याचे कारण हौस एवढेच नव्हते. मेंढ्या आणि दुधाच्या भावावर छोट्या शेताचे भागत नाही, ही तक्रार तिकडेही जुनी आहे. त्यात २००१ साली ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकुताची भयंकर साथ आली. ती आटोक्यात आणण्यासाठी ६० लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. गावाकडच्या पायवाटा महिनोन्‌महिने बंद राहिल्या. पाहुणे आले नाहीत तेव्हा लोकांना कळले की गावाचे पोट शेतीइतकेच फिरायला येणाऱ्यांवरही चालते. त्यानंतर शेतीला जोड म्हणून पाहुण्यांसाठी खोल्या, चहाची दुकाने, जनावरांसोबतचे फेरफटके यांच्याकडे अधिक लक्ष जाऊ लागले.

आता कागदावर एक हिशेब मांडू. आकडे आमचे, फक्त समजण्यासाठी. समजा एका घरी ६ लामा आहेत. हवा बरी असते ते आठवडे ३०. त्यात शनिवार-रविवारी रोज एक फेरी. म्हणजे ३० गुणिले २ गुणिले ६, एकूण ३६० दोऱ्या विकता येतील. इंग्लंडचा पाऊस मोठा लहरी. चौथा हिस्सा पावसात गेला तर उरल्या २७०. या २७० दोऱ्यांच्या पैशांत ६ लामांचा ३६५ दिवसांचा खर्च भागवायचा आहे. हिवाळ्यात कुरणात दम नसतो, तेव्हा एका लामाला रोज तीनेक किलोपर्यंत वाळलेले गवत लागते. सहांचे झाले १८ किलो. वर जनावरांचा डॉक्टर, कुंपणाची दुरुस्ती, आणि पाहुण्याला इजा झाली तर भरपाई देणारा विमा. विम्याशिवाय कोणी शहाणा माणूस हा धंदा उघडत नाही.

मग मालकाच्या मनात सहज येते की दिवसाला एकाऐवजी तीन फेऱ्या का काढू नयेत? कमाई तिप्पट होईल. इथेच या धंद्याची परीक्षा आहे. लामा रवंथ करणारे जनावर आहे. चरणे, मग निवांत बसून रवंथ करणे, यातच त्याच्या दिवसाचा बराच वेळ जातो. तो वेळ खाल्ला तर तो हळूहळू खंगतो, चिडका होतो, दोरी ओढू लागतो. वैतागलेल्या लामासोबत चालायला पैसे देऊन कोण येईल? म्हणून जाणते मालक फेऱ्या मोजून काढतात, कळपात एक-दोन जनावरे जादा ठेवून त्यांना पाळीपाळीने सुट्टी देतात आणि उन्हाचा तडाखा असेल त्या दिवशी नोंदणी रद्द करून पैसे परत करतात. कमाईचा तुटवडा ते दुसरीकडून भरतात. फेरीनंतर घरचा केक आणि चहा, कातरलेल्या लोकरीच्या वस्तू, बागेसाठी लेंडीखत, शाळांच्या सहली. लामा सगळे मिळून एकाच ठिकाणी लेंड्या टाकतात, त्यामुळे खत गोळा करायला फार हिंडावे लागत नाही. एवढे करूनही अनेक घरांत नवरा-बायकोपैकी एकाची नोकरी सुरूच असते. लामावर घराला हातभार लागतो, बंगला उभा राहत नाही.

न दिसणारी मेहनत

फोटोत हिरवी टेकडी दिसते, मागचे काम दिसत नाही. लामाला एकटे ठेवता येत नाही. तो कळपाचा प्राणी, एकटा पडला की झुरतो. पायाची नखे वेळोवेळी कापावी लागतात. वयात आलेल्या नरांना सुळ्यांसारखे लढाऊ दात येतात, ते एकमेकांना फाडू नयेत म्हणून बोथट करावे लागतात. फेरीसाठी बहुतेक खच्ची केलेले नरच घेतात, ते शांत राहतात. उन्हाळ्यापूर्वी लोकर कातरावी लागते, नाहीतर त्या उबेतच जनावर उष्म्याने आडवे होते. हिवाळ्यात ऊन इतके कमी की वाढत्या पिलांची हाडे वाकू नयेत म्हणून ड जीवनसत्त्व द्यावे लागते. ओल्या कुरणांत यकृतात शिरणारे चपटे कृमी असतात, त्यांचे औषध वेगळे. बागेतल्या शोभेच्या ऱ्होडोडेंड्रॉनची पानेही लामाला विषारी, म्हणून फेरीची वाट आधी स्वतः चालून पाहायची.

मादी साडेअकरा महिने गाभण राहते आणि एकच पिलू देते. ते बहुतेक दिवसाउजेडी जन्मते. थंड डोंगरात रात्री ओले पिलू जगले नसते, ही निसर्गाची योजना. पिलाला लगेच कामाला जुंपत नाहीत. आधी म्होरकीची सवय, मग दोरीची, मग रिकाम्या पिशव्यांची. पुरे ओझे तीन-चार वर्षांनी, हाडे पक्की झाल्यावरच. तोवर मालक त्याला पोसतो आणि वाट पाहतो. एकदा तयार झालेला लामा पुढे कित्येक वर्षे साथ देतो. त्याचे आयुष्य १५ ते २० वर्षांचे असते.

शिक्षक म्हणून आम्हाला सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट मात्र पुढची आहे. एखादे नर पिलू आईविना राहिले, त्याला घरात घेतले, बाटलीने दूध पाजले, सतत कुरवाळले, येईल तसे अंगावर उड्या मारू दिल्या, तर सगळ्यांना ते फार गोड वाटते. पण दोन-तीन वर्षांनी वयात आल्यावर हेच पिलू माणसाला आपल्यातलाच दुसरा नर समजू लागते. मग छातीने धडक देते, चावते, माणसाला खाली पाडते. लहानपणी लागलेली ही सवय मोडणे फार अवघड जाते. त्यामुळे जाणते मालक अनाथ पिलाला दूध पाजतात, पण त्याला वाढवतात कळपातच. इतर लामांनी त्याला दटावावे, अंतर शिकवावे, ही व्यवस्था ते मोडत नाहीत. माया आणि मर्यादा यांची सांगड घरात कशी घालावी, यावर आई-वडील आम्हाला नेहमी विचारतात. त्यांनी हे उदाहरण ऐकून ठेवावे.

आपल्या किनाऱ्यावर काय?

आता तिसरा प्रश्न. पहिली गोष्ट, लामा कोकणात आणायचा विचार नको. थंड, कोरड्या डोंगरहवेचे ते जनावर आपल्या दमट उन्हाळ्यात तगमगेल. शिवाय परदेशी जनावर आणायला सरकारी परवानगी आणि विलगीकरण लागते, आणि त्याच्या आजारांची माहिती असलेला डॉक्टर जवळपास सापडणे कठीण.

उंटाचेही जपूनच. वाळू आहे म्हणून उंट, असे अनेकांना वाटते, पण राजस्थानकडचा उंट कोरड्या मुलखाचा. आपला पावसाळा आणि गोमाशा त्याला मानवत नाहीत. त्या माशांच्या चाव्यातून सर्रा नावाचा जीवघेणा ताप त्याला होतो. घोड्यालाही तो होतो, पण इथे घोड्याची माहिती असलेले लोक तरी आहेत.

दुसरी गोष्ट, जनावरावर धंदा करायचा तर कायदा आधी वाचावा. इंग्लंडमध्ये २००६ चा प्राणीकल्याण कायदा आहे. जनावराला योग्य जागा, योग्य चारा, स्वभावाप्रमाणे वागायची मुभा, गरजेप्रमाणे सोबत आणि दुखण्यापासून रक्षण, या पाच गोष्टी देणे त्यात मालकाचे कर्तव्य आहे. आपला प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा त्याहून कितीतरी जुना, १९६० चा. त्याखाली १९६५ साली गाडीच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी नियम झाले. दिवसाला ९ तासांपेक्षा जास्त काम नको. विश्रांतीशिवाय सलग ५ तासांपेक्षा जास्त नको. पारा ३७ अंशांच्या वर जातो तिथे दुपारी १२ ते ३ जनावर जुंपायचे नाही. तट्टूच्या पाठीवर ७० किलोंहून जास्त ओझे नको. हे नियम साठ वर्षे कागदावर आहेत. सुट्टीच्या दिवशी किनाऱ्यावर जाऊन पाहावे, किती ठिकाणी पाळले जातात ते. भर दुपारी तापलेल्या वाळूत तोंडाला फेस आलेले घोडे आम्ही पाहिले आहेत, वाचकांनीही पाहिले असतील.

याचा शेवट कुठे होतो तेही आपल्याला ठाऊक आहे. मुंबईची व्हिक्टोरिया आठवा. घोड्यांची हालत आणि तबेल्यांची अवस्था कोर्टापुढे गेली, आणि २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने केवळ हौसेच्या सफरीसाठी घोडागाडी चालवणे बेकायदेशीर ठरवले. पिढ्यान्‌पिढ्या लगाम धरलेल्या हातांना दुसरे काम शोधावे लागले. त्यांत आपलीही घरे होती. त्या कोचवानांत घोड्यावर जीव लावणारे कमी नव्हते. पण भाडेकरी गाडी, दिवसाचा ठरलेला गल्ला आणि मालक वेगळा, चालवणारा वेगळा, अशा रचनेत घोड्याच्या बाजूने बोलणारे कोणी उरत नाही. मग चांगल्या-वाईट सगळ्यांची रोजी एकाच निकालात जाते.

आपल्याकडे तर ही शिकवण घरातली आहे. उपाशी ठेवून राबवलेल्या उंटाच्या डोळ्यांतले पाणी पाहून प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याच्या मालकाला बोलावून जाब विचारला, ही हदीस मुलांना मकतबमध्ये सांगितली जाते. ती ऐकलेल्या मुलाने पुढे घोडा पाळला, तर तबेल्यात ती दिसायला हवी.

म्हणून आमच्या भगिनीच्या धाकट्याला आमचा सल्ला असा. पैसे घालण्याआधी सहा महिने एखाद्या चांगल्या घोडेवाल्याकडे उमेदवारी कर. खरारा, नाल, चंदी, तोबरा, पोटशूळ ओळखणे, सगळे हाताने शीक. जनावर कर्जावर घेऊ नको. हप्त्याची तारीख आली की माणूस दमलेल्या घोड्यालाही बाहेर काढतो. तबेल्याला पक्के छप्पर आणि पावसाळ्यातही कोरडी राहणारी जमीन हवी. ग्रामपंचायतीची किंवा नगरपालिकेची परवानगी, जनावराचा विमा आणि पाहुण्यांसाठीचा विमा आधी. मग दर ठरवताना वर मांडला तसा हिशेब मांड. किनाऱ्यावर पाहुणे किती दिवस येतात ते मोज, त्यातून पाऊस वजा कर, आणि चारा मात्र ३६५ दिवसांचा धर. फेऱ्यांची संख्या घोड्याकडे पाहून ठरव आणि ती पाटीवर लिहून लाव: 'दिवसाला इतक्याच फेऱ्या. दुपारी बंद. जड माणसांनी सोबत चालावे.' पाटी वाचून काही गिऱ्हाईक शेजाऱ्याच्या घोड्याकडे जाईल. जाऊ दे. मुलाबाळांना घेऊन येणारी कुटुंबे अशी पाटी पाहून थांबतात. आणि पाठीवर बसवण्याऐवजी लगाम हातात देऊन लहान मुलाला घोड्यासोबत चालवण्याची एक फेरी तूही ठेवून पाहा. सकाळी ओल्या वाळूवर, ऊन चढायच्या आत. घोड्याच्या पाठीला आराम, मुलाला मजा आणि तुला थोडी जास्तीची कमाई.

आमच्या वाचकांपैकी काही घरी आजही घोडागाडी, बैलगाडी किंवा सवारीचे घोडे आहेत. त्यांनी आपला एका महिन्याचा खरा हिशेब आम्हाला लिहून पाठवावा: फेऱ्या किती, चारा किती, डॉक्टर किती, हाती काय उरले. नावे न छापता ते आकडे याच सदरात देऊ. या धंद्यात उतरू पाहणाऱ्या मुलांना आमच्या सल्ल्यापेक्षा त्या वहीचा उपयोग जास्त होईल.